जे आधीपासून आहे, ते लिहिताना

दसरा होऊन गेला की पुण्यात असे काही दिवस येतात, जेव्हा पावसाळा संपलेला असतो आणि थंडीचा पत्ता नसतो. दारावरची झेंडूची तोरणं वाळून तांबूस होतात. सकाळी नऊलाच ऊन बोचायला लागतं. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत कुणाकडून तरी भाजणी भाजल्याचा खमंग वास जिन्यात उतरतो. इतरांना त्या वासानं दिवाळी जवळ आल्यासारखं वाटतं. मी मात्र हातातली पिशवी खाली ठेवून मोबाइल काढते आणि आमच्या ऑफिसची सगळी यंत्रं चालू आहेत ना, ते बघते. चालू असतात. जिना चढून वर आले की पुन्हा बघते.

तीन वर्षं झाली त्या ऑक्टोबरला. परवा भाजणीचा वास आला आणि तो सगळा महिना पुन्हा अंगावर आला.

आमची कंपनी लहानशी. डायलिसिस केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर चालवतो. कोणत्या पेशंटला कधी बोलवायचं, कुठल्या मशीनवर बसवायचं, मागच्या वेळी वजन किती होतं, आज अंगातलं किती पाणी काढायचं, हे सगळं त्यात असतं. ही माहिती आमच्या ऑफिसात नसते. ती क्लाउडवर असते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी भल्यामोठ्या इमारतीत आपण भाड्यानं घेतलेल्या कॉम्प्युटरांवर. ते कॉम्प्युटर, त्यांच्यातल्या जोडण्या, कोणाला आत येऊ द्यायचं आणि कोणाला नाही याचे नियम, हे सारं एका माणसानं दहा वर्षांत हातानं उभं केलं होतं. ते म्हणजे देवधर सर.

सर माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. उंच, किडकिडीत, डब्यात रोज पोळी आणि एकच कोरडी भाजी. नवं केंद्र आलं की ते पडद्यावर चार बटणं दाबायचे, कुठलंसं नाव द्यायचे आणि म्हणायचे, "झालं." काय झालं ते आम्ही विचारत नसू. एकदा मी म्हटलं होतं, "सर, हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं हो."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "का? मी कुठं परगावी चाललोय?"

त्या वर्षी गणपती उठले त्याच आठवड्यात सरांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, तोंडातून शब्द येत नव्हते. इतकी वर्षं ज्या माणसाच्या एका वाक्यानं मीटिंगमधला माणूस गप्प व्हायचा, त्याच्यापाशी दोनच शब्द उरले. "हो का." पाणी हवं असलं तरी हो का, पाय दुखला तरी हो का. हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले तेव्हा माझ्याकडे बघून ते म्हणाले, "हो का," आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पुढच्याच आठवड्यात आमचा एक कॉम्प्युटर बंद पडला. तो कसा बनवला होता, कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्धा दिवस केंद्रं कागदावर चालली. एका सिस्टरचा फोन मी घेतला. "ताई, इथं एक आजोबा खुर्चीत बसलेत. त्यांचं मागच्या वेळचं वजन तेवढं सांगा हो. पाणी किती काढायचं ते त्याशिवाय कळत नाही." मला सांगता आलं नाही. शेवटी आजोबांच्या सुनेनं घरून जुना कागद शोधून आणला. पण त्यांनी खुर्चीत वाट बघत काढलेला तो पाऊण तास माझ्या मनातून गेला नाही. मी कधी न पाहिलेल्या त्या माणसाचे सुजलेले पाय मला दिसत राहिले.

दिवाळीच्या आत सगळं लिहून काढायचं ठरलं. ते कसं करतात, हे फक्त श्रावणीला माहीत होतं. श्रावणी वर्ध्याची. आमच्याकडे येऊन तिला दीडच वर्ष झालं होतं. पुण्यात वर्धा म्हणजे पार दूरचा मुलूख, त्यामुळे ऑफिसात तिला सतत कुणीतरी काहीतरी समजावून सांगत असे. ती ऐकून घेई आणि आपलं काम करी. तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, "ताई, आपण फायलीत लिहायचं. आपल्याकडे अमुक कॉम्प्युटर आहे, एवढ्या आकाराचा आहे, त्याचं हे दार उघडं आहे, ते बंद आहे. एक टूल ती फाइल वाचतं आणि तिकडे सगळं तसंच करून टाकतं. उद्या काही बुडालं, तर फाइल दाखवायची की ते पुन्हा उभं करतं."

"पण आपलं तर आधीच उभं आहे."

"मग ओळख करून द्यायची. फायलीतलं हे म्हणजे तिकडचं ते. इम्पोर्ट म्हणतात त्याला. नवीन बांधायचं काही नाही, आहे ते ताब्यात घ्यायचं."

"आणि आपण लिहिलेलं चुकलं तर?"

"तर ते फाइल खरी धरतं, ताई. तिकडे जे आहे, ते चूक धरतं."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सकाळी दात घासताना वाटायचं, काल आपण एखादी ओळ कमी तर नाही ना लिहिली. एरवी मी घाबरट बाई नाही. पण इथं आम्ही ज्याला हात लावत होतो ते चालू होतं. घरातली माणसं जेवत असताना चुलीच्या विटा मोजायच्या, तसं काहीसं. शिवाय मोजायच्या तरी किती. श्रावणीनं यादी काढली तेव्हा दोनशेच्या वर वस्तू निघाल्या. निम्म्यांची नावं फक्त सरांनाच कळतील अशी. "जुना-नवा". "हा-नको". "राहू-दे".

मग माझ्या दुपारी सरांच्या घरी जायला लागल्या. तेही कर्वेनगरातच राहतात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. चार वाजता त्यांच्या बाल्कनीची भिंत तव्यासारखी तापलेली असायची. वहिनी पडदा ओढून पंखा मोठा करायच्या. मी मंडईतून सीताफळं नेत असे, कारण सर दुसरं काही खात नव्हते. डाव्या हातानं ते एकेक पाकळी उचलायचे, बिया वाटीत टाकायचे. निम्म्या बिया वाटीबाहेर पडायच्या, आणि त्या पडल्या की ते भिंतीकडे बघायचे. वहिनी बिया वेचत. ते झालं की मी टॅबलेटवर यादीतलं एक नाव मोठ्या अक्षरात दाखवायची.

"सर, हे चालू ठेवायचं?"

"हो का." खाली उतरणारा, सपाट सूर. म्हणजे हो.

"हे काढलं तर चालेल?"

"हो का?" शेवटी वर चढणारा. म्हणजे तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना.

आठवडाभरात मला त्यांचे सूर ओळखता यायला लागले. कधी कधी तर तो जुना तिरकसपणाही ऐकू यायचा आणि आम्ही तिघंही हसायचो. रोज दहा-बारा नावं व्हायची, मग ते थकायचे. घरी येताना मी प्रत्येक उत्तर मनात पुन्हा ऐकायची. हा सूर खाली उतरला होता ना? की मला तसा हवा होता म्हणून तसा वाटला?

असं करत यादी संपत आली आणि एका दुपारी "मांजरी-तात्पुरतं" हे नाव आलं. मांजरी या पुण्याच्या कडेच्या गावात आमचं एक केंद्र आहे, त्याच्या नावाचा हा एक छोटासा कॉम्प्युटर, कशालाच नीट न जोडलेला. मी सहज विचारलं, "हे काढून टाकू ना?"

सरांनी डावा हात पलंगावर आपटला. "हो का. हो का. हो का." सूर चढलेला नव्हता, उतरलेलाही नव्हता. तो मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी बोटानं हवेत काहीतरी उभं काढून दाखवलं, मग आडवं, मग मूठ मिटून ओढल्यासारखं केलं. मी विचारलं, "दोरी? दार? बंद करायचं?" ते नाही म्हणून मान हलवत राहिले. कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी टॅबलेट हातानं लांब ढकलला आणि डोळे मिटले.

"आज पुरे मेधा," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं बीपी वाढतं गं."

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. श्रावणीनं त्या कॉम्प्युटरकडे येणारी-जाणारी माहिती तपासली. दोन आठवड्यांत एक अक्षरही आलं नव्हतं. "मेलेलं आहे ताई ते," ती म्हणाली. "उगीच कशाला लिहायचं? सोमवारी काढून टाकते." आमच्याकडे वेळ कमी होता. सरांना पुन्हा त्रास द्यायची माझी हिंमत नव्हती. मी "बरं" म्हटलं.

ते "बरं" मला छळत राहिलं. गुरुवारी मी कणीक मळताना हवेत उभी रेघ काढून बघितली, मग आडवी. शुक्रवारी रिक्षात बसून मूठ मिटून ओढून पाहिली. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. एवढं बोलायचं होतं त्या माणसाला आणि मी चार शब्द सुचवून थांबले. शनिवारी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "मी मांजरीला जाऊन येते." तो म्हणाला, "आज? एवढ्या उन्हात? फोन कर की." फोनवर नेमकं काय विचारायचं, हेच मला माहीत नव्हतं.

मांजरीचं आमचं केंद्र नव्या इमारतींच्या रांगेच्या टोकाला आहे. त्या पलीकडे एकदम ऊस सुरू होतो. डोक्याच्या वर गेलेला, तुरे यायच्या बेतातला, वारा नसतानाही सळसळणारा. केंद्रात थंडगार होतं. आठ मशीनं एका लयीत घरघरत होती आणि खुर्च्यांमध्ये माणसं पांघरुणं घेऊन पडली होती. कुणी झोपलेलं, कुणी मोबाइल बघत. नळ्यांतून त्यांचं रक्त मशीनकडे जात होतं आणि परत येत होतं. इतकी वर्षं या माणसांचे आकडे मी पडद्यावर बघत आले होते. माणसं बघायला मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले.

तिथली टेक्निशियन सिंधू. चाळिशीची, मांजरीचीच. मी तिला त्या तात्पुरत्या यंत्राचं नाव सांगितलं आणि तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मग तिचा चेहरा उजळला.

"ते व्हय? ते उसाचं हाय."

"उसाचं?"

ती मला बाहेर पायरीवर घेऊन आली. समोर रस्त्याच्या कडेला विजेचे खांब होते. त्यांच्यावरूनच इंटरनेटची काळी केबल लोंबत गेली होती, मध्ये मध्ये झोळ पडलेली. "ऊसतोड चालू झाली म्हंजी ट्रॅक्टर येत्यात. दोन-दोन ट्रॉल्या, ह्या एवढ्या उंच भरलेल्या. वरचा ऊस त्या केबलीत अडकतो आन् वढून नेतो. मग आमचं नेट गेलं दोन-दोन दिस. तवा देवधर साहेब आले हुते. दिवसभर बसले हितं. कपाटात एक छोटी डबी हाय सिमकार्डाची. नेट गेलं की ती आपोआप चालू हुती आन् सगळं तुम्ही म्हणताय त्या यंत्राकडं जातं. मग मशीन थांबत नाय."

"आणि एरवी?"

"एरवी कशाला लागतंय? गुढीपाडव्यापास्नं दसऱ्यापत्तर बंदच असतंय की. आता हुईल चालू, पंधरा दिसांत."

मी पायरीवर बसले. उभं म्हणजे खांब. आडवी म्हणजे केबल. आणि मूठ मिटून ओढणं. मी दोरी म्हणाले होते. किती जवळ होते मी.

तिथूनच श्रावणीला फोन केला. ती म्हणाली, "मी दोनच आठवडे पाहिले होते ताई. वर्षभराचं पाहायला पाहिजे होतं." आणि थोड्या वेळानं, "आमच्याकडे कापूस असतो. ऊस कधी तुटतो, मला माहीतच नव्हतं."

मला तरी कुठं माहीत होतं. पुण्यात जन्म गेला माझा.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी केंद्रं बंद असतात, म्हणून डेटाबेस त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. डेटाबेस म्हणजे सगळ्या पेशंटांची सगळी माहिती जिथं साठवलेली असते, ती जागा. मांजरीच्या यंत्रासकट बाकीचं सगळं सकाळपर्यंत ताब्यात आलं होतं. ते टूल काहीही करण्याआधी आपण काय करणार आहोत, हे पडद्यावर सांगतं. इतकं ताब्यात, इतकं नवीन, इतके बदल, इतकं नष्ट. आम्हाला पहिला आकडा सोडून बाकी सगळीकडे शून्य हवं असायचं.

अकरा वाजले होते. ऑफिसात आम्ही दोघीच. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. श्रावणीनं कळ दाबली. पडद्यावर अक्षरं सरकली आणि शेवटची ओळ आली. एक ताब्यात, एक नवीन, शून्य बदल, एक नष्ट.

श्रावणीनं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"म्हणजे काय?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"डेटाबेस ताब्यात घेईल, पुसेल आणि त्याच नावाचा नवा, रिकामा बनवेल."

"आत्ता?"

"नाही. आपण हो म्हटलं तर."

आम्ही दोघी त्या खुर्च्यांवरून हललो नाही. टेबलाला धक्का लागून चुकून हो म्हटलं जाईल, असं काहीतरी वेडगळ मला वाटत होतं. बॅकअप होता. पण तो परत उभा करायला किती तास लागतात, हे आमच्यापैकी कुणी कधी करून पाहिलं नव्हतं. सोमवारी सकाळी सहाला पहिली माणसं खुर्चीत बसणार होती. श्रावणी वरून खाली एकेक ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. मी दुसऱ्या पडद्यावरचं खरं काय आहे ते वाचत होते. दोघींचे आवाज एकमेकींच्या मागून चाललेले, शाळेत पाढे म्हणतात तसे. सतराव्या की अठराव्या ओळीला माझा आवाज एकटाच उरला.

"थांब. इथं कुलूप आहे लिहिलंय."

सरांनी डेटाबेसमधली सगळी माहिती कुलूपबंद करून ठेवली होती. चोरून नेली तरी कुणाला वाचता येऊ नये म्हणून. फायलीत ती ओळ मी लिहिलीच नव्हती. ओळ नाही म्हणजे कुलूप नको, असं टूलनं धरलं. आणि बिनकुलपाचा हवा असेल, तर जुना पाडून नवा बांधण्यावाचून त्याला मार्ग नव्हता. त्यानं काहीच चूक केली नव्हती. मी सांगितलं, तेच ते करायला निघालं होतं.

ओळ लिहिली. पुन्हा कळ दाबली. एक ताब्यात, शून्य, शून्य, शून्य.

"म्हणू का हो?" श्रावणीनं विचारलं.

"पुन्हा एकदा वाच."

तिनं पाच वेळा वाचलं. मग तिनं ते तीन अक्षरांचं इंग्रजी हो लिहिलं. आणि काहीही झालं नाही. जे होतं ते तसंच राहिलं, हीच आमची महिनाभराची कमाई. श्रावणी खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी सरांकडे गेले. सिंधू काय म्हणाली ते सांगितलं, हवेत खांब काढून दाखवला, केबल काढली, मूठ ओढली. सरांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला, की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मग मी त्यांना फाइल दाखवली. आम्ही त्या सगळ्या दोनशे वस्तूंवर एकेक ओळ वाढवायला घेतली होती. काय आहे ते टूलला कळत होतं. ते कशासाठी आहे, हे माणसांसाठी लिहायचं होतं. मांजरीच्या वर श्रावणीनं लिहिलं होतं, "हे ऊसतोडीसाठी. ऑक्टोबर ते मार्च. एरवी गप्प असतं. काढू नये."

दारापर्यंत सोडायला आलेल्या वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या डोक्यातलं लिहून झालं म्हणायचं. माझ्या डोक्यातलं कोण लिहून घेणार गं? कुठली गोळी कशाबरोबर चालत नाही, कुठल्या कुशीवर झोपवलं की श्वास अडकतो. मी पडले तर?"

त्या दिवशी घरी येऊन मी एका वहीत आईची औषधं लिहिली, नवऱ्याला कशाची ॲलर्जी आहे ते लिहिलं, आणि मग पेन थांबलं. कारण पुढचं जे होतं ते मला माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात एका दुपारी मांजरीच्या त्या यंत्राचा वापर दाखवणारी पडद्यावरची सपाट रेघ अचानक वर आली आणि दोन दिवस वरच राहिली. केबल तुटली होती. सिंधूचा फोन आला नाही. मी दोन्ही दिवस फोन शेजारी ठेवून बसले होते.

यंदा सर काठी घेऊन चालायला लागलेत. बोलणं तेवढंच आहे. परवा वहिनी त्यांना रिक्षानं ऑफिसात घेऊन आल्या, नुसतं बसायला म्हणून. श्रावणीनं त्यांना आपली खुर्ची दिली आणि फाइल उघडून दिली. ते डाव्या हातानं पानं वर सरकवत वाचत होते. आम्ही मागं उभ्या होतो. मी स्वतःशी म्हणत होते, ते फक्त बघतायत, बरं वाटत असेल त्यांना.

मांजरीपाशी ते थांबले. पडद्यावर बोट टेकवलं. "मार्च" या शब्दावर.

श्रावणी वाकली. "सर, चुकलंय का?"

त्यांनी बोट उचललं नाही. तीन वर्षं ती ओळ तशीच होती आणि आम्ही निश्चिंत होतो.

"फेब्रुवारी?" श्रावणीनं विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "एप्रिल?"

खाली उतरणारा, सपाट सूर आला.

"मे पण?" त्यांची मान पुन्हा तशीच हलली.

नाही. श्रावणीनं मार्च पुसून एप्रिल लिहिलं. सरांनी ते वाचलं, चष्मा डाव्या हातानं नीट केला, आणि पुढची ओळ वाचायला घेतली.